प्रवरेचा प्रश्न आणि संशोधनाचे कप्पे

बारावीचा निकाल लागला की महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांतून एकच चिंता व्यक्त होऊ लागते. अभियांत्रिकीला प्रवेश मिळेल का? वैद्यकीयला गुण पुरतील का? कला शाखेचे नाव निघालेच तर ते गुण कमी पडल्याच्या हळहळीतून निघते. 'इतिहास घेऊन पुढे काय करणार?' हा प्रश्न प्रश्न राहिलेला नसून तो निवाडा झाला आहे. हाच निवाडा पुढे विद्यापीठांच्या अंदाजपत्रकात, शासनाच्या अनुदानात आणि नियोजनकर्त्यांच्या मनात उतरतो. विज्ञान म्हणजे संशोधन, तंत्रज्ञान म्हणजे उपयोग आणि उरलेले सारे म्हणजे फावल्या वेळेचा उद्योग, अशी एक सोपी विभागणी आपल्या समाजाने करून टाकली आहे.

ही विभागणी किती खोटी आहे हे पाहण्यासाठी ऑक्सफर्ड वा हार्वर्डला जाण्याचे कारण नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेकाठी बेलापूर नावाचे जुने गाव आहे. दौंड-मनमाड लोहमार्गावर या गावाच्या नावाचे स्थानक आहे; पण ते गावात नसून श्रीरामपूर शहरात आहे. पाटी एका ठिकाणी आणि गाव दुसऱ्या ठिकाणी! संशोधनाविषयीच्या आपल्या समजुतींचेही तसेच झाले आहे. ज्ञानाची पाटी आपण एका ठिकाणी लावली आहे आणि ज्ञानाचा मुलूख भलतीकडेच पसरलेला आहे. बेलापूरच्या परिसराकडे डोळे उघडे ठेवून पाहिले तरी हे ध्यानात येईल.

एक रथ आणि चार शास्त्रे

याच तालुक्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. १९५८ मध्ये बी. पी. बोपर्डीकर यांनी हे प्राचीन वसतिस्थान प्रकाशात आणले. त्यानंतर एम. एन. देशपांडे, पुढे एस. आर. राव आणि १९७५ ते १९७९ या काळात एस. ए. साळी यांनी तेथे उत्खनने केली. सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा आणि जोर्वे अशा पाच संस्कृतींचे थर एकावर एक रचलेले आढळले. सिंधू लिपीतील अक्षरे असलेल्या मुद्रा सापडल्या. हडप्पा संस्कृतीचे धागे गोदावरीच्या खोऱ्यापर्यंत पोचले होते, ही गोष्ट त्यामुळे ठळकपणे जगासमोर आली.

१९७४ मध्ये तेथे एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाची मुळे खणताना धातूच्या चार शिल्पांचा ठेवा मिळाला. दोन बैल जोडलेला आणि सारथी उभा असलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. सर्वांचे मिळून वजन साठ किलोहून अधिक. भारतीय पुरातत्त्वातील हा एक अजोड ठेवा होय.

या शिल्पांचे वय किती? हा प्रश्न वरकरणी इतिहासाचा आहे. उत्खनन करणाऱ्या विद्वानांनी ती उत्तर हडप्पा काळातील, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची मानली. परंतु डी. पी. अगरवाल यांनी धातूच्या रासायनिक पृथक्करणाकडे बोट दाखवले. या शिल्पांत आर्सेनिकचे प्रमाण एक टक्क्याहून अधिक आहे आणि त्या काळच्या अन्य ताम्रपाषाणयुगीन वस्तूंमध्ये ते आढळत नाही. तेव्हा ही शिल्पे बऱ्याच नंतरच्या काळातील असू शकतील, असे त्यांचे म्हणणे. म्हणजे इतिहासाचा प्रश्न रसायनशास्त्राच्या दारात जाऊन उभा राहिला. तेथील जळक्या धान्यांचा अभ्यास वनस्पतिशास्त्र जाणणाऱ्या एम. डी. काजळे यांनी केला, तर मानवी सांगाड्यांचा अभ्यास शारीर मानवशास्त्राचे अभ्यासक सुभाष वाळिंबे यांनी. जोर्वे काळातील लोक मृत अर्भकांना मातीच्या कुंभांत घालून घराच्या जमिनीखाली पुरत. नेवासे, दायमाबाद आणि इनामगाव येथील अशा बालकांच्या अस्थींवरून ग्वेन रॉबिन्स शुग या विदुषीने हवामानबदल आणि बालकांचे आरोग्य यांचा संबंध तपासला. त्यांचा ग्रंथ २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन हजार वर्षांपूर्वीच्या बाळाची अस्थी आजच्या हवामानाच्या चर्चेत साक्ष देते! यात विज्ञान कोठे संपले आणि मानव्यविद्या कोठे सुरू झाली, हे कोणी रेघ मारून दाखवावे.

येथे एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. आपल्या प्राचीनतेचा अभिमान बाळगणाऱ्यांना दायमाबादचा रथ चार हजार वर्षांचा असावा असे वाटणे स्वाभाविक आहे. तो तसा असेलही. पण अभिमानाने कालनिर्णय होत नसतो. विरोधी पुरावा मांडणाऱ्याला शत्रू समजणारा समाज आपल्याच पूर्वजांना न्याय देऊ शकत नाही. 'आमच्याकडे सारे होतेच' असे व्यासपीठावरून म्हणणे फार सोपे आहे. एकेक खापर धुऊन, त्यावर क्रमांक घालून, दहा वर्षे त्याचा अभ्यास करणे कठीण आहे. पहिला मार्ग टाळ्या मिळवून देतो, दुसरा राष्ट्राला इतिहास मिळवून देतो. एस. ए. साळींचा दायमाबादवरील अहवाल उत्खनन संपल्यानंतर सात वर्षांनी, १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. सात वर्षे एका टेकाडासाठी देणाऱ्या माणसाला आजची पदोन्नतीची गुणपत्रिका काय गुण देईल?

'उपयोग काय?' हा जुना प्रश्न

प्रवरा-गोदावरीच्या प्राचीन इतिहासाचे बहुतेक काम ज्या संस्थेने केले, ती पुण्याची डेक्कन कॉलेज ही संस्था इंग्रज सरकारने १९३४ मध्ये बंद केली होती. खर्च परवडत नाही, हे कारण. माजी विद्यार्थ्यांनी, त्यांत बॅरिस्टर मुकुंदराव जयकर अग्रणी होते, न्यायालयात लढा दिला आणि १९३९ मध्ये संस्था संशोधन संस्था म्हणून पुन्हा उभी राहिली. डॉ. ह. धी. सांकलिया तेथे आले. १९५०-५१ मध्ये जोर्वे आणि १९५४ पासून नेवासे येथे उत्खनने झाली. जोर्वे हे संगमनेर तालुक्यातील लहानसे गाव आज एका संस्कृतीचे नाव म्हणून जगभरच्या पुरातत्त्व ग्रंथांत आहे. १९३४ च्या हिशेबनिसांचे ऐकले असते तर हे काहीच घडले नसते.

नेवासे म्हटले की मराठी मनाला प्रथम ज्ञानेश्वरी आठवते. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, प्रवरेच्या याच काठी मराठी भाषेने सिद्धावस्था गाठली. त्या ज्ञानेश्वरीचे भाषिक रूप कोणते होते, हे शोधण्यासाठी इतिहासाचार्य राजवाड्यांनी जुनी पोथी मिळवून १९०९ मध्ये ती प्रसिद्ध केली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम आरंभिले. १,२५९ हस्तलिखितांची तुलना करून ते १९६६ मध्ये पूर्ण झाले. सत्तेचाळीस वर्षे! पहिल्या तीन वर्षांत 'निष्कर्ष' दाखवा, असा दंडक तेव्हा असता तर आदिपर्वही पुरे झाले नसते.

आणि ही कामे करणारी माणसे कोणत्या शाखेची होती? या आवृत्तीची शास्त्रीय बैठक घालून देणारे वि. स. सुखठणकर केंब्रिजला गणित शिकले होते. भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सित आवृत्ती सिद्ध करणारे दामोदर धर्मानंद कोसंबी पेशाने गणिती होते. प्राचीन नाण्यांच्या वजनांना त्यांनी संख्याशास्त्र लावले. कोसंबींच्या मार्क्सवादी निष्कर्षांशी अनेकांचे तीव्र मतभेद आहेत आणि ते असावेत. पण एकाच मेंदूत संस्कृत आणि गणित सुखाने नांदू शकतात, हे त्यांच्याकडून शिकायला हरकत नाही. आज मात्र अकरावीच्या उंबरठ्यावर पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला सांगितले जाते की, एकाची निवड कर आणि दुसऱ्याला जन्मभर विसर.

पाटाचे पाणी, मीठ आणि माणूस

जुना इतिहास बाजूला ठेवू. आजच्या पोटापाण्याचा प्रश्न घेऊ. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. ओझरच्या बंधाऱ्यावरून निघालेल्या प्रवरेच्या डाव्या आणि उजव्या कालव्यांनी या दुष्काळी पट्ट्याचे रूप पालटले. ऊस आला, हरेगावचा खासगी साखर कारखाना चालला आणि स्वातंत्र्यानंतर लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्याचे पहिले अध्यक्ष होते धनंजयराव गाडगीळ. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचा संचालक खेड्यातील शेतकऱ्यांच्या कारखान्याचा अध्यक्ष होतो, ही घटना मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे.

गाडगीळांचा या भूमीशी संबंध केवळ कारखान्यापुरता नव्हता. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांमुळे प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष लाभ किती झाला, याची पाहणी त्यांनी केली आणि तिचा अहवाल १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. दख्खनचे कालवे हे मुख्यतः दुष्काळनिवारणासाठी होते. सरकारी खतावणीत त्यांचे उत्पन्न पाणीपट्टीच्या रूपाने दिसे आणि भांडवलावरील व्याजाच्या मानाने ते तोकडे पडे. पण पाण्यामुळे जी मजुरी वाढली, जो व्यापार वाढला, जी गावे दुष्काळात उठून गेली नाहीत, त्यांचा हिशेब कोणत्या खात्यात धरायचा? अभियंत्याच्या आराखड्यात त्याला जागा नव्हती. तो प्रश्न विचारण्यासाठी अर्थशास्त्रज्ञ लागला, आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी त्याला गावोगाव जावे लागले. धरण बांधणे हे जितके शास्त्र, तितकेच धरणाचे फळ कोणाच्या पदरात पडले हे मोजणे हेही शास्त्रच.

पाण्याबरोबर दुखणेही आले. काळ्या खोल जमिनीला गरजेहून अधिक पाणी दिले की जमिनीखालील पाण्याची पातळी वर येते. ते पाणी केशाकर्षणाने पृष्ठभागावर चढते, उन्हाने उडून जाते आणि क्षार मागे ठेवते. शेतावर पांढरा थर दिसू लागतो. कसदार रान चोपण होते, क्षारपड होते. कालव्यांखालील अनेक गावांनी हे भोगले आहे. खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राचे मूळ १९१६ मध्ये मुंबई इलाख्याने सिंचनपद्धती सुधारण्यासाठी काढलेल्या विशेष सिंचन विभागात आहे. १९३२ मध्ये पाडेगावला ऊस संशोधन केंद्र निघाले; त्याच केंद्राने २००७ मध्ये दिलेला 'फुले २६५' हा उसाचा वाण क्षारपड जमिनीतही तग धरतो. १९६८ मध्ये स्थापन झालेले राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ तर बेलापूरच्या शेजारच्याच तालुक्यात आहे. मृदाशास्त्राने उपायही सांगितला आहे: निचऱ्याचे चर काढा, भूमिगत नळ्या टाका, पाणी मोजून द्या.

मग जमिनी सुधारत का नाहीत? कारण निचऱ्याचा चर एकाच्या शेतातून सुरू होऊन नाल्यापर्यंत जायचा तर तो वीस जणांच्या बांधांवरून जावा लागतो. त्यांतील तिघांचा भाऊबंदकीचा दावा चालू असतो, दोघे मुंबईला असतात आणि एकाची जमीन अजून बिघडलेली नसल्याने त्याला चराचे प्रयोजनच वाटत नाही. मिठाचे उत्तर मृदाशास्त्रज्ञाकडे आहे. या वीस जणांचे उत्तर त्याच्याकडे नाही. ते समाजशास्त्राकडे, कायद्याच्या अभ्यासकाकडे, सहकाराचा इतिहास जाणणाऱ्याकडे शोधावे लागते. ते शोधायला कोणी नसले की विज्ञानाचा उपाय कपाटातील अहवालात राहतो आणि शेतकरी म्हणतो, 'विद्यापीठाचा काय उपयोग?' दोष विद्यापीठातील विज्ञानाचा नसतो; विज्ञानाला एकटे सोडणाऱ्या धोरणाचा असतो.

पाण्याच्या तंट्याला अभ्यासाचा आधार

आणखी एक उदाहरण सर्वांच्याच जिव्हाळ्याचे आहे. जायकवाडीला वरच्या धरणांतून पाणी सोडायचे की नाही, यावरून नगर-नाशिक विरुद्ध मराठवाडा असा वाद पेटतो. मोर्चे निघतात, भाषणे होतात, प्रत्येक बाजू दुसऱ्याला चोर ठरवते. दोन्ही बाजूंना शेतकरीच असतात आणि दोन्ही बाजूंना तहान असते. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा २००५ मध्ये झाला. नदीखोऱ्यातील पाण्याच्या समन्यायी वाटपाचे तत्त्व त्यात आले. २०१३ मध्ये मेंढेगिरी समितीने वाटपाची सूत्रे मांडली, २०१४ मध्ये प्राधिकरणाने त्यावर आदेश दिला आणि २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाचे तत्त्व उचलून धरले.

समितीच्या सूत्रांवर आक्षेप असू शकतात. पण आक्षेप घ्यायचा तर तोही अभ्यासानेच घ्यावा लागेल. भंडारदरा-निळवंड्यातून सोडलेले पाणी जायकवाडीला पोचेपर्यंत कोरड्या पात्रात किती मुरते, हा जलविज्ञानाचा प्रश्न. पाण्यावर पहिला हक्क कोणाचा, हा न्यायशास्त्राचा प्रश्न. दोन्हीकडे ऊसच का लावला जातो, हा बाजारभावाचा आणि धोरणाचा प्रश्न. शंभर वर्षांच्या पाटपाण्याच्या सवयी कशा बदलायच्या, हा समाजमनाचा प्रश्न. माधवराव चितळे हे निष्णात अभियंते. १९९३ चा स्टॉकहोम जलपुरस्कार त्यांना लाभला. त्यांच्या अध्यक्षतेखालील महाराष्ट्र जल व सिंचन आयोगाचा अहवाल १९९९ मध्ये आला. त्या अहवालाने पाण्याचा विचार धरणाच्या भिंतीपाशी न थांबवता खोरे आणि उपखोरे हा नियोजनाचा पाया धरला. शाखांच्या भिंती ओलांडणारा अभ्यास कसा असतो, त्याचा हा वस्तुपाठ आहे. पण तो अहवाल वाचून भाषण करणारे लोकप्रतिनिधी किती आणि न वाचता आंदोलन पुकारणारे किती, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

मोजमापाचा रोग

संशोधनाच्या या विविधतेला आपली व्यवस्था कसे वागवते? विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये प्राध्यापकांच्या पदोन्नतीसाठी गुणांकनाची पद्धत आणली. हेतू चांगला होता. परिणाम असा झाला की, शोधनिबंध हा शोधासाठी न राहता गुणांसाठी झाला. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके पावसाळी छत्र्यांसारखी उगवली. त्यांना आवर घालण्यासाठी २०१९ मध्ये मान्यताप्राप्त नियतकालिकांची 'केअर' यादी आली आणि २०२५ मध्ये तीही मोडीत निघाली. नियम बदलले, याद्या बदलल्या, पण मोजपट्टी एकच राहिली.

ही मोजपट्टी मुळातच चुकीची आहे. प्रयोगशाळेतील रसायनशास्त्रज्ञ वर्षात चार निबंध लिहू शकतो. ताम्रपट वाचणाऱ्याला एका ओळीसाठी वर्ष लागू शकते. क्षारपड गावाची पाहणी करणाऱ्याला तीन पावसाळे पाहावे लागतात. खोडदच्या प्रचंड रेडिओ दुर्बिणीतून आकाश निरखणाऱ्याच्या कामाचा उपयोग कदाचित पुढच्या पिढीला कळेल. सोने गुंजेने, धान्य पायलीने आणि जमीन गुंठ्याने मोजावी, हे व्यवहारज्ञान बेलापूरच्या आठवडी बाजारात येणाऱ्या अशिक्षित माणसालाही असते. ते विद्वानांच्या समित्यांना का नसावे?

दुसरीकडे पैशाची ओढाताण आहेच. भारताचा संशोधनावरील खर्च २०२०-२१ मध्ये सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के होता. चीनचा दोन टक्क्यांच्या वर, तर इस्रायल आणि दक्षिण कोरियाचा चार टक्क्यांच्या वर आहे. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झाले. पाच वर्षांत पन्नास हजार कोटी रुपये उभे करण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. हे पाऊल स्वागतार्ह आहे. मात्र मानव्यविद्या आणि समाजशास्त्रे यांना त्यात स्थान आहे ते विज्ञान-तंत्रज्ञानाशी जेथे त्यांचा सांधा जुळतो तेवढ्यापुरते. पोथी, शिलालेख, बोली, ग्रामव्यवस्था, लोकपरंपरा यांचा अभ्यास पुन्हा ओसरीवरच राहणार काय? राष्ट्राच्या आत्मविश्वासाची भाषा बोलणाऱ्यांनी हा प्रश्न शासन आपले असो वा परके, निर्भीडपणे विचारला पाहिजे.

करायचे काय?

केवळ तक्रार करून भागणार नाही. श्रीरामपूर, राहुरी, लोणी, संगमनेर, नेवासे येथे महाविद्यालये आहेत. त्यांतील भूगोल, रसायन, अर्थशास्त्र, मराठी आणि इतिहास हे विभाग एकाच इमारतीत, पण एकमेकांना अनोळखी असल्यासारखे नांदतात. त्यांनी मिळून प्रवरेकाठचे एकेक गाव अभ्यासाला घ्यावे. विहिरींच्या पाण्याची क्षारता रसायनाच्या विद्यार्थ्यांनी मोजावी, पीकपद्धतीचा हिशेब अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी करावा, देवळांतील शिलालेख आणि घराघरांतील पोथ्या-दप्तरांची नोंद इतिहासाच्या व मराठीच्या विद्यार्थ्यांनी घ्यावी. याला कोट्यवधींचे अनुदान लागत नाही. राहुरी तालुक्यातील ताहाराबादच्या महिपतींनी अठराव्या शतकात संतांची चरित्रे जमवली, ती कोणत्या अनुदानावर?

दुसरी गोष्ट, हे अहवाल मराठीत प्रसिद्ध झाले पाहिजेत. प्रवरेच्या पाण्यावर, प्रवरेच्या मातीवर, प्रवरेच्या पूर्वजांवर झालेले बहुतेक संशोधन इंग्रजी ग्रंथांत बंद आहे. ज्याच्या शेतातील माती तपासली त्याला तिचा निष्कर्ष वाचता येत नाही, हा कोणता न्याय? ज्या नेवाशात गीतेचा अर्थ लोकभाषेत उलगडला गेला, त्या भूमीतील ज्ञानाला आज पुन्हा परक्या भाषेच्या कुलपात ठेवणे ही केवळ गैरसोय नाही. तो त्या परंपरेचा अवमान आहे.

तिसरी गोष्ट घराघरांतील आहे आणि ती सर्वांत अवघड आहे. मुलगी इतिहासात रमत असेल तर तिला रमू द्यावे. मुलगा मातीच्या परीक्षणाऐवजी मातीत राबणाऱ्या माणसाचा अभ्यास करू म्हणत असेल तर त्याला वेड्यात काढू नये. अभियंते आणि डॉक्टर देशाला हवेतच. पण धरण कोठे बांधावे हे अभियंता सांगेल. ते कोणासाठी बांधावे, त्याचे पाणी कोणत्या न्यायाने वाटावे आणि त्या पाण्याकाठी आपण कोण म्हणून जगत आलो, हे सांगणारी माणसेही याच घरांतून यावी लागतील. ती आली नाहीत तर आपल्या प्रश्नांची उत्तरे इतर कोणी तरी, आपल्याला न विचारता, लिहून ठेवतील. ती उत्तरे मग आपल्याला निमूटपणे पाठ करावी लागतील.